पुढच्या शॉकपातलं तेल: डब्यावरचा आकडा आणि आतला आकडा

पावसाळा सरला की ओळखीतले हीरोच्या एक्सपल्स बाइकवाले एकच प्रश्न घेऊन येतात. पुढच्या शॉकपात कुठलं तेल टाकू? उत्तर त्यांना दोन शब्दांत हवं असतं. टेन डब्ल्यू म्हण, फिफ्टीन डब्ल्यू म्हण, काहीतरी एक सांग आणि मोकळं कर. मी उलट विचारते, ‘कुठल्या कंपनीचं टेन डब्ल्यू?’ की समोरचा वैतागतो. टेन म्हणजे टेन, त्यात कंपनीचा काय संबंध?

सगळा संबंध तिथेच आहे. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या विचारणाऱ्याला हेच वाचायला देता येईल.

माझं पोट पातळ-घट्ट मोजण्यावर चालतं. सातपूर एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात क्वालिटी लॅबमध्ये आहे. तळाला भोक असलेला ठरावीक मापाचा कप भरायचा, बोट काढायचं, धार तुटेपर्यंत किती सेकंद लागले ते लिहायचं, आणि त्याआधी तापमान बघायचं. तापमान न लिहिता नुसते सेकंद लिहिले तर आमचे मॅनेजर कागद परत पाठवतात, आणि बरोबरच करतात. सांगायचा मुद्दा, ‘जाड तेल’, ‘पातळ तेल’ हे शब्द मला पुरत नाहीत. किती जाड आणि किती अंशांना, एवढं कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तेलाचा जाडपणा मोजायचं एकक सेंटिस्टोक. पाणी साधारण एक सेंटिस्टोक. कारखान्यातल्या प्रेस, इंजेक्शन मोल्डिंग मशीन यांना लागणारं हायड्रॉलिक तेल ३२, ४६, ६८ अशा नंबरांनी येतं. हे नंबर प्रामाणिक आहेत. ४० अंश सेल्सिअसला ते तेल तितक्या सेंटिस्टोकचं असतं, दहा टक्के इकडे-तिकडे, आणि तसा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. इंजिन ऑइलच्या वीस-चाळीसलाही एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचा जे३०० नावाचा नियम आहे. फोर्क ऑइलच्या, म्हणजे पुढच्या शॉकपातल्या तेलाच्या, ५ डब्ल्यू, १० डब्ल्यूला मात्र असा सर्वांनी पाळायचा नियम नाही. आपापल्या तेलांत पातळ ते ५, त्याहून जाड ते १०, त्याहून जाड ते १५, अशी प्रत्येक कंपनीची घरगुती उतरंड आहे. एका घरचा थोरला दुसऱ्या घरच्या मधल्यापेक्षा लहान असू शकतो.

उदाहरणं घ्या. मोटुलच्या फोर्क ऑइलमध्ये ५ डब्ल्यू ४० अंशांना साधारण १८ सेंटिस्टोक आणि १० डब्ल्यू साधारण ३६. सिल्कोलीनचं प्रो आरएसएफ ५ डब्ल्यू मात्र २६-२७च्या घरात जातं. म्हणजे नाव ५ डब्ल्यूचं आणि जागा मोटुलच्या ५ आणि १० यांच्या बरोबर मधली. उलट काही कंपन्यांचं ५ डब्ल्यू १५-१६लाच थांबतं. डब्यावर तोच आकडा, आत जवळजवळ पावणेदोन पटीचा फरक. ‘मी पण फाइव्हच टाकलंय, मला नाही बरं वाटलं’ असं दोघं एकमेकांना सांगत बसतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

काही रेसिंगच्या तेलांवर ८५/१५० किंवा १२५/१५० असं लिहिलेलं दिसेल. ते मला आवडतं, कारण तिथे निदान मोजमाप आहे. पहिला आकडा सेबोल्ट सेकंदांचा, आमच्या कपातल्या सेकंदांचाच मोठा भाऊ. ८५ म्हणजे अंदाजे १७ सेंटिस्टोक, १२५ म्हणजे २६. दुसरा आकडा व्हिस्कॉसिटी इंडेक्स. तापमान बदललं तरी तेल किती कमी बदलतं ते त्यातून कळतं. जितका मोठा, तितकं तेल थंडी-उन्हात स्थिर.

तेव्हा दुकानात जाण्याआधी कंपनीच्या साइटवरून त्या तेलाचा टेक्निकल डेटा शीट उतरवून घ्या. त्यात ‘व्हिस्कॉसिटी ४० अंशांना’ ही ओळ असते. ती बघायची, वहीत लिहायची, डब्ल्यू विसरायचा. ज्या तेलाचा असा कागद मिळत नाही ते मी घेत नाही, कितीही स्वस्त असो.

आता आपल्या गाडीकडे. माझी एक्सपल्स २०० ४व्ही, साधी, प्रो नव्हे. पुढे ३७ मिमीचा फोर्क (म्हणजे पुढचा शॉकप), १९० मिमी चाल, म्हणजे तो जास्तीत जास्त तेवढा दबतो. आत डँपर रॉड. बाहेरून फिरवायला स्क्रू नाही, क्लिक नाहीत. कार्ट्रिजवाल्या फोर्कमध्ये पातळ पोलादी चकत्यांची चळत असते आणि ती दाबाप्रमाणे उघडते. इथे तसलं काही नाही, एका नळीला भोकं आहेत. शॉकप दबला की तेल खालच्या मोठ्या भोकांतून वर ढकललं जातं, सुटला की लहान भोकांतून आणि फटींतून परत येतं. दबताना वेगळं तेल आणि सुटताना वेगळं, अशी सोय नाही. तेल बदललं की दोन्ही बदलतं. डँपर रॉडवाल्यांनी एवढं एकच वाक्य पाठ केलं तरी पैसे वाचतील.

भोकाचा एक स्वभाव आहे. तेल दुप्पट वेगाने ढकललं तर अडवणूक चौपट होते. हरसूलच्या रस्त्यावर अचानक डोक्याएवढा दगड आला की फोर्क इतक्या वेगाने दबतो की तिथे तेलाच्या जाडपणापेक्षा भोकाचा आकार जास्त बोलतो. जाडपणा बोलतो तो हळू हालचालीत. पुढचा ब्रेक दाबल्यावर नाक किती खाली जातं, वळणात गाडी किती बसते, आणि मुख्य म्हणजे दबलेला शॉकप किती वेळात वर येतो.

हे शेवटचं फार महत्त्वाचं. तेल जाड झालं की शॉकप सावकाश वर येतो. एकच खड्डा असेल तर बरं वाटतं, गाडी कशी शांत झाली असं वाटतं. पण गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला ट्रॅक्टरने केलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या वाटेवर या. पहिल्या पट्टीवर दबला, पूर्ण वर यायच्या आत दुसरी आली, मग तिसरी. दर वेळी थोडा खालीच राहतो. आठ-दहा पट्ट्यांनंतर १९० मिमीपैकी शिल्लक किती? हातांना मात्र जाणवतं की फोर्क ‘कडक’ झालाय. मग चालक म्हणतो, चाल संपतेय, अजून जाड तेल टाकू. रोग वाढवायचं औषध.

वस्तीत एक मिस्त्री चाचा आहेत, माझ्या वडिलांच्या लूनापासून आमच्याकडच्या सगळ्या गाड्या त्यांच्याकडेच. त्यांचं मत पक्कं.

‘अगं बेटा, वीस-चाळीस टाक इंजिनचं. शॉकप कसा दगडासारखा होतो बघ.’

‘चाचा, दगडासारखाच तर नकोय.’

‘मग दूधवाल्यांच्या गाड्यांना काय टाकतो मी? एकाची तक्रार नाही.’

चाचांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. वीस-चाळीस इंजिन ऑइल ४० अंशांना शंभर सेंटिस्टोकच्या वर असतं, म्हणजे १० डब्ल्यू फोर्क ऑइलच्या तिप्पट. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लादून डांबरी रस्त्याने जाणाऱ्या गाडीला नाक न डोलणं हेच सुख. तिला काय पट्ट्या मोजायच्या नाहीत. पण इंजिन ऑइलमध्ये काजळी धरून ठेवायला साबणासारखी द्रव्यं असतात आणि फोर्कच्या घुसळण्यात फेस होतो. फेस म्हणजे हवा, आणि हवा भोकातून जाताना अडवणूक करतच नाही. फोर्क ऑइलमध्ये फेस मारणारं आणि सीलवरचं घर्षण कमी करणारं जे घातलेलं असतं, पैसे त्याचे जातात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, डेक्स्रॉन थ्री जातीचं, त्यातल्या त्यात जवळचं. ४० अंशांना ३५च्या आसपास, म्हणजे मोटुलच्या १० डब्ल्यूचा सख्खा शेजारी. अडल्यानडल्याला मी ते वापरेन. इंजिन ऑइल नाही.

माझं वजन हेल्मेट, बूट, गार्ड सगळं धरून साठीच्या जरा वर जातं. माझ्यासोबत हीच गाडी घेऊन फिरणारे एक दादा आहेत, त्यांचं नव्वदीच्या पुढे. दोघांना एकच तेल कसं चालेल? खरं तर तेलाच्या आधी स्प्रिंग येते. गाडीवर बसल्यावर फोर्क किती बसतो ते मोजायचं. चालीच्या तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १९०ला ५५-६० मिमी, हा मातीतल्या गाडीचा सर्वसाधारण हिशेब. एकाने गाडी उभी धरायची, एकाने बसायचं, तिसऱ्याने टेप लावायची. दादांचा फोर्क यापेक्षा बराच बसतो, माझा पुरेसा बसतही नाही. स्प्रिंगची चूक तेलाने झाकता येत नाही. तेल वेग बदलतं, उंची बदलत नाही. एका जागी शांत उभ्या गाडीला तेल कुठलं आहे ते कळतसुद्धा नाही.

दादांची तक्रार होती की उतारावर शॉकप पूर्ण दबून खालचा ठोका लागतो, खाड्कन आवाज येतो. त्यांना १५ डब्ल्यू हवं होतं. मी म्हटलं, ‘दादा, तेल तेच ठेवा, लेव्हल वाढवू.’

लेव्हलचं गणित लोक विसरतात. फोर्कमध्ये तेलाच्या वर हवा कोंडलेली असते. शॉकप दबत जातो तशी तीही दाबली जाते आणि दुसऱ्या स्प्रिंगसारखी ढकलते. सुरुवातीच्या चालीत तिचं अस्तित्व जाणवत नाही, शेवटच्या तिसऱ्या हिश्शात ती उसळून उठते. तेल थोडं वाढवलं की हवेची जागा कमी, म्हणून शेवटचा कडकपणा जास्त आणि सुरुवात मऊच. नळीचा आतला व्यास ३२ मिमी धरला तर लेव्हल १० मिमी वर न्यायला साधारण ८ मिली तेल लागतं. एवढ्याशा तेलाने ठोका थांबलेला मी पाहिलाय. मात्र एका वेळी १० मिमीच, आणि फोर्कच्या डाव्या-उजव्या दोन्ही पायांत सारखं. हावरटपणा केला तर दाब वाढून सील उडतं, आणि सील बदलण्यापेक्षा ठोका परवडला.

दादांचा आवाज लेव्हलने गेला. जाड तेलाची गरज पडली नाही. नंतर त्यांनी स्प्रिंगही बदलली, तो वेगळा खर्च.

मला उलट हवं होतं. हलकी असल्याने माझा फोर्क दबतो कमी, आणि थंडीत तर जवळपास नाहीच. नाशिकची थंडी बाहेरच्यांना चेष्टा वाटते, पण निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि आम्ही निघतो ते पहाटेच. ४० अंशांना ३६ असलेलं तेल १० अंशांना चौपटीच्या आसपास जाड होतं. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी पहिल्या काही किलोमीटरला माझ्या फोर्कमध्ये चाचांचं वीस-चाळीसच असतं म्हणा ना. तेच तेल एप्रिलमध्ये दुपारी छान वागतं. म्हणून मी हिवाळ्याला पातळ आणि उन्हाळ्याला नुसतं १० डब्ल्यू असा रिवाज ठेवलाय. ५ डब्ल्यू एकटं मला उड्या मारणारं वाटतं, शॉकप झटकन सुटतो आणि पुढचं चाक वाळूत भरकटतं. मधलं हवं. मधलं बाटलीत मिळत नाही, मिसळावं लागतं.

मिसळण्यात लोक जो हिशेब करतात तो असा: अर्धं १८ आणि अर्धं ३६, सरासरी २७. तेलं असं वागत नाहीत. पातळ तेल मिश्रणाला आपल्याकडे जास्त ओढतं. जाडपणाची सरासरी लॉगरिदममध्ये काढावी लागते, खरं तर लॉगच्या लॉगमध्ये, तेव्हा कुठे उत्तर प्रयोगाशी जुळतं. तुम्हाला कॅल्क्युलेटर काढायला लावत नाही, मी काढून ठेवलंय. १८ आणि ३६च्या तेलात जाडवालं पाव भाग घेतलं तर मिश्रण २१च्या आसपास येतं, निम्मं घेतलं तर २५, पाऊण घेतलं तर ३०. साध्या सरासरीने साडेबावीस, सत्तावीस, साडेएकतीस आलं असतं. फरक मोठा नाही, एवढ्याने कुणी पडणार नाही.

मोठा फरक होतो तो लांबची तेलं मिसळताना. कुणाच्या शेल्फवर १८चं ५ डब्ल्यू आहे आणि ७८च्या आसपासचं २० डब्ल्यू आहे असं धरा. तो म्हणतो, अर्धं-अर्धं करू, पन्नासच्या जवळ जाईल, म्हणजे १५ डब्ल्यूसारखं काहीतरी. हिशेबाने येतं ३५. म्हणजे एवढा खटाटोप करून बाटलीत मिळणारं १० डब्ल्यूच तयार झालं. म्हणून माझा नियम साधा: शेजारशेजारची तेलं मिसळायची, एका कंपनीची, आणि एकाच मालिकेची. एकाच कंपनीतसुद्धा मिनरल मालिका आणि पूर्ण सिंथेटिक मालिका वेगळी असते. त्यांतल्या द्रव्यांचं आपसात पटेलच असं नाही. न पटल्याचं लगेच दिसतही नाही, दिसतं ते महिनाभराने गढूळ झालेल्या तेलात.

मिसळायची भांडी: मापाचा काचेचा जार, नसेल तर लॅब साहित्याच्या दुकानातून प्लास्टिकचा एक लिटरचा, आणि लेव्हल लावायला मेडिकलमधली मोठी सिरिंज. माझं हिवाळी मिश्रण निम्मं-निम्मं. ५०० मिली हे, ५०० मिली ते, एका स्वच्छ बाटलीत. हलक्या हाताने उलटसुलट करायची. खळखळ हलवली की हवा भरते आणि मग ती निवायची वाट बघत बसायचं. रात्रभर ठेवलं तर उत्तम.

मिश्रण खरंच मधलं झालंय का, याची खात्री घरच्या घरी होते. ५० मिलीची सिरिंज घ्या, सुई नको, दट्ट्या काढून टाका. बोटाने तोंड दाबून वरच्या खुणेपर्यंत तेल भरा, बोट काढा, खालच्या खुणेपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. आधी ५ डब्ल्यू, मग १० डब्ल्यू, मग मिश्रण, तीच सिरिंज, त्याच खुणा. तिन्ही बाटल्या आधी तासभर एकाच बादलीच्या पाण्यात ठेवा म्हणजे तापमान सारखं राहील. मिश्रणाचे सेकंद दोघांच्या मध्ये, आणि मध्यापेक्षा जरा पातळाकडे झुकलेले आले की समजावं जमलं. लॅबमध्ये ४० अंशांसाठी वॉटर बाथ चालू करावा लागतो. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेल आपोआप ४० अंशांना येतं, तेवढी एक सोय नाशिकने केलीय. बेनाम डब्यातलं तेल कुणी आणून दिलं तर त्याची जात ओळखायलाही हीच सिरिंज.

तेल बदलायची सगळी कृती सांगत नाही, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहे आणि किती मिली ते तिथेच बघायचं. फक्त जिथे घोळ होतो त्या जागा सांगते. फोर्क टीमध्ये, म्हणजे हँडलखालच्या पकडीत, आवळलेला असतानाच त्याची वरची टोपी ढिली करून घ्या. बाहेर काढल्यावर नळी हातात फिरते आणि टोपी जागची हलत नाही. शेवटचे आटे सोडताना टोपीवर तळहाताचा दाब ठेवा, खाली स्प्रिंग वाट बघत असते. जुनं तेल दोन वेगळ्या जारांत काढा. दोन्ही पायांतून वेगवेगळं निघालं तर कुठलं सील गळतंय ते तिथेच कळतं. रंगही बघा. करडं आणि चकाकी असलेलं म्हणजे बुश आणि ॲल्युमिनियम झिजतंय. ताकासारखं म्हणजे पाणी शिरलंय, ओढे ओलांडणाऱ्यांच्या गाड्यांत हमखास. नुसतं काळं आणि कुजका वास म्हणजे फार दिवस झाले, बाकी काही नाही.

धुवायला रॉकेल, पेट्रोल, डिझेल वापरू नका. आपल्याकडे सर्रास वापरतात. फोर्क कितीही उलटा टांगला तरी डँपर रॉडच्या आत थोडं राहतंच. ४०० मिली तेलात २० मिली रॉकेल राहिलं तर ३६चं तेल ३०च्या खाली येतं. एवढं तोलून-मापून मिसळलेलं, आणि खाली रॉकेलने आपलं वेगळंच मिश्रण केलेलं. मी शे-दीडशे मिली स्वस्तातलं पातळ फोर्क ऑइलच घालून पंधरा-वीस वेळा पंप करते आणि ओतून टाकते.

नवं तेल घातल्यावर नळी सावकाश वर-खाली करत राहायचं. सुरुवातीला मध्येच फुसका, मोकळा टप्पा लागतो, ती अडकलेली हवा. तो गेला आणि पूर्ण चालीत सारखी अडवणूक लागायला लागली की दहा मिनिटं उभं ठेवायचं. मग स्प्रिंग बाहेर, नळी पूर्ण दाबलेली, अशा स्थितीत वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मोजायचं. स्प्रिंग आत ठेवून मोजलेलं अंतर निरुपयोगी. मी सिरिंजला पातळ नळी लावून तिच्यावर हव्या त्या अंतरावर टेप गुंडाळते, टेप काठाला टेकवते आणि ओढते. जास्तीचं तेल वर येतं, नळीत हवा आली की लेव्हल झाली. मिली मोजून भरण्यापेक्षा हे खरं, कारण आत किती जुनं राहिलं ते मिलीला माहीत नसतं.

२०२४च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली तेव्हापासून खऱ्या मोटोक्रॉस गाड्यांबद्दल विचारणारेही वाढलेत. त्यांचं प्रकरण वेगळं. कार्ट्रिज फोर्कमध्ये दबणं आणि सुटणं यांच्या चकत्या वेगळ्या, बाहेरून क्लिक वेगळे. ज्यांत आतलं कार्ट्रिज बंद असतं आणि बाहेरच्या कप्प्यात वेगळं तेल असतं, तिथे बाहेरचं तेल वंगणाला आणि शेवटच्या हवेच्या स्प्रिंगला. ते पाच-पाच मिलीने कमी-जास्त करून बघतात. आतल्या कार्ट्रिजला कंपनीने सांगितलेलं, बहुधा १५-२० सेंटिस्टोकमधलं, पातळ पण उंच व्हिस्कॉसिटी इंडेक्सचं तेल लागतं. तिथे मिसळामिसळ करू नका. चकत्यांची चळत त्या तेलासाठी ठरवलेली असते, आणि जे हवंय ते क्लिकांत मिळतं, नाहीतर चळत बदलून. मिसळण्याची हौस आमच्यासारख्या डँपर रॉडवाल्यांसाठी, कारण आम्हाला दुसरा स्क्रूच नाही. डँपर रॉडवर बसणारा इम्युलेटर नावाचा व्हॉल्व्ह मिळतो. तो बसवला की दबणं व्हॉल्व्ह सांभाळतो आणि तेलाने फक्त सुटणं ठरवायचं. पण त्यासाठी रॉडची खालची भोकं मोठी करावी लागतात आणि ती परत लहान होत नाहीत. मी अजून केलेलं नाही.

किती दिवसांनी बदलायचं? मी पावसाळ्यानंतर एकदा बदलतेच, मग किलोमीटर काहीही असोत. लाल चिखल सीलच्या ओठाखाली जाऊन बसतो. तिथे गळती दिसली की लगेच सील बदलायला धावू नका. जुना एक्स-रे घ्या, त्याची बोटभर पट्टी कापा, टोकाला आकडीसारखा खाच द्या. धुळीचं वरचं रबर उचलून ही पट्टी सीलच्या आत सरकवायची आणि गोल फिरवून ओढायची. कण बाहेर येतात आणि बऱ्याचदा गळती थांबते. आमच्या घरात वडिलांच्या गुडघ्याचे एक्स-रे आता जवळजवळ संपलेत.

उरलेल्या मिश्रणाच्या बाटलीवर मार्करने कंपनी, मालिका, प्रमाण आणि महिना लिहा. ‘फोर्क’ एवढंच लिहिलेली बाटली सहा महिन्यांनी कुणाच्याच कामाची नसते. झाकण घट्ट, कारण तेल हवेतलं बाष्प ओढतं. आणि काढलेलं काळं तेल गटारात किंवा झाडाच्या बुडाशी नको. चाचांच्या गॅरेजमागे जुन्या तेलाचं पिंप आहे, भंगारवाला येऊन मोजून नेतो. कॅन घेऊन गेलं की चाचा झाकण उघडून वास घेतात आणि विचारतात, या वेळी किती आकडे मिसळलेस?